खांबाची खाच आणि नळाची वाट

बीड जिल्ह्यातील पाटोदा हे आमचे गाव. बालाघाटाच्या रांगेवर वसलेले, मांजरा नदी ज्या तालुक्यात उगम पावते त्या तालुक्याचे हे ठिकाण. नदीचा जन्म इथला असला तरी पाण्याची ओढ कायमची. आमच्या माळवदाच्या घरात नळ आला तो १९९१ सालच्या उन्हाळ्यात. त्याआधी आडाचे पाणी, अंगणातले रांजण आणि परसातली न्हाणी एवढीच घरातल्या पाण्याची व्यवस्था होती. तोटी थेट स्वयंपाकघरात हवी असा आजीचा आग्रह होता. त्यासाठी नळाला भिंतीच्या कडेने दोन खांब ओलांडायचे होते आणि दारावरून जाताना एका तुळईला पार करायचे होते.

नळ बसवायला आलेल्या तरुणाने पटाशी घेतली आणि पहिल्या खांबाला दीड इंच खोल खाच पाडली. खांब सहा इंचांचा होता. तो दुसऱ्या खांबाकडे वळला तेवढ्यात आमच्या आळीतले म्हातारे सुतार आत आले. त्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "बाबा, खांबाला असा चावा घेऊ नगंस. गिरमिट घे अन् पोटातून आरपार जा."

मग त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. तुळईच्या खालच्या अंगाला हत्यार लावायचे नाही. भोक पाडायचेच तर उंचीच्या बरोबर मध्यावर पाडायचे. आणि पाडलेली खाच तशीच उघडी ठेवायची नाही; वाळलेल्या लाकडाचा तुकडा रेषांना रेषा मिळवून त्यात घट्ट ठोकायचा. तो तुकडा त्यांनी स्वतःच ठोकून दिला. भिंतीचे काय, असे वडिलांनी विचारले तेव्हा मात्र ते हसले. "भिंतीला काय करायचंय? घर खांबावर उभं असतंय. भिंत आडोशाला." त्यामुळे उरलेला नळ दगडामातीच्या भिंतीत चर खणून पुरण्यात आला आणि वरून गिलावा झाला.

मी तेव्हा शाळेत होतो. पुढे पदार्थविज्ञान शिकताना या चार विधानांचा हिशेब मी मांडून पाहिला. सुतारकाकांची तीन विधाने अगदी बरोबर निघाली. चौथे चुकीचे होते, आणि ते किती महागात पडू शकते हे आपल्या मराठवाड्याने १९९३ साली पाहिले. या हिशेबामागचा इतिहास मोठा आहे आणि तो आपल्या वर्गातही सांगण्यासारखा आहे.

पाण्यासाठी वेगळी भिंत

नळ ही काही आपल्याकडे इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हे. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातील, निजामशाहीच्या काळातील. तिच्यात जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी येते आणि तसेच पुढे उतारावर शेतीकडे जाते. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबराने नहर बांधली. नंतर तिच्या जोडीला इतर नहरी झाल्या. यांत भाजलेल्या मातीचे नळ, म्हणजे खापरी नळ, चुन्याच्या बांधकामात बसवून पाणी शहरात खेळवले होते.

पाणचक्कीवर गेलेल्या प्रत्येकाने एक उंच भिंत पाहिलेली असते. उत्तरेकडच्या डोंगराकडून आलेले पाणी बंद नळांतून त्या भिंतीत वर चढते आणि माथ्यावरून हौदात कोसळते. उगम भिंतीच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे म्हणून पाणी चढते. जोडनळ्यांतील पाण्याची पातळी समान राहते हा आपण शिकवतो तोच नियम. मात्र इथे दुसरी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ही भिंत कोणत्याही घराचे छप्पर तोलत नाही. ती फक्त नळासाठी उभी केलेली आहे. पाण्याला न्यायचे तर त्याच्यासाठी भिंत बांधायची, छप्पर तोलणाऱ्या भिंतीत त्याला घुसवायचे नाही, अशी ही रचना आहे. घरात तर पाणी नळाने जातच नसे. ते घागरीने जाई.

नळ घराच्या अंगात शिरला तो मुख्यतः गेल्या दोनशे वर्षांत. मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी आले आणि पुढे चाळींना नळ जोडले गेले. पण मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला आपण पाहिले तर बिडाचे नळ बाहेरून, भिंतीला पकडींनी आवळलेले दिसतात. ही इंग्रजी पद्धत. मैलापाण्याच्या नळातली दुर्गंधी घरात नको, हे तिच्यामागचे एक कारण होते. आपल्याकडे हवा उबदार, त्यामुळे बाहेरच्या नळातले पाणी गोठण्याची भीती नाही.

कडाक्याच्या थंडीच्या मुलखात मात्र बाहेरचा नळ हिवाळ्यात फुटतो, कारण पाणी गोठताना फुगते. अमेरिकेत १८३०च्या दशकात शिकागोच्या परिसरात घरबांधणीची नवी पद्धत रुळली. जाड खांबांऐवजी दोन बाय चार इंचांच्या लाकडी पट्ट्या जवळजवळ उभ्या करायच्या आणि दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकायच्या. अशी भिंत आतून पोकळ असते. नळाला ही पोकळी आयतीच मिळाली. पण आडवे जायचे तर प्रत्येक उभ्या पट्टीला एक तर खाच पाडायची किंवा भोक. आमच्या स्वयंपाकघरात जो प्रश्न दोन खांबांपुरता पडला, तो तिथे लाखो घरांत पडला. किती कापले म्हणजे घर दुबळे होणार नाही?

व्हर्सायचे नळ आणि तुळईचे गणित

या प्रश्नाची पहिली गणिती मांडणी गॅलिलिओची. १६३८ साली, नजरकैदेत असताना, त्याचे 'दोन नवी विज्ञाने' हे पुस्तक हॉलंडमधील लायडन येथे छापले गेले. त्यात एक चित्र आहे: जुन्या भिंतीतून बाहेर आलेली तुळई आणि तिच्या टोकाला टांगलेले वजन. तुळईची ताकद रुंदीच्या पटीत वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे गॅलिलिओने बरोबर ओळखले. म्हणूनच फळी आडवी ठेवली तर वाकते आणि उभी ठेवली तर पेलते.

त्याची एक चूक मात्र झाली. तुळई तिच्या खालच्या कडेभोवती उघडते आणि संपूर्ण छेदावर सारखाच ताण येतो, असे त्याने धरले. या गृहीतामुळे तुळईची ताकद खरीपेक्षा तिप्पट निघते.

ही चूक लक्षात येऊ लागली ती पाण्याच्या नळांमुळेच. फ्रान्सच्या राजाच्या व्हर्साय येथील राजवाड्याला पाणी नेणाऱ्या नळांच्या कामात एद्म मारिओत हा शास्त्रज्ञ गुंतला होता. वायूच्या दाबाच्या नियमासंबंधी बॉइलबरोबर ज्याचे नाव घेतले जाते तोच हा मारिओत. नळ किती दाबाला फुटतो आणि आधारांवर ठेवलेली कांब किती वजनाला मोडते याचे प्रयोग त्याने केले. त्याच्या मृत्यूनंतर १६८६ साली त्याचे पुस्तक छापले गेले. वाकलेल्या तुळईत एका बाजूचे तंतू ताणले जातात आणि दुसऱ्या बाजूचे दाबले जातात, हे त्याने स्पष्ट सांगितले. पुढे १७१३ साली पारां या गणितज्ञाने आणि १७७३ साली कुलोम या लष्करी अभियंत्याने हिशेब नीट बसवला. हाच कुलोम विद्युत्प्रभारांच्या नियमामुळे आपल्या परिचयाचा आहे. १८२६ सालच्या नाविएच्या पुस्तकाने हे गणित अभियंत्यांच्या रोजच्या वापरात आणले.

निष्कर्ष थोडक्यात असा. दोन आधारांवर ठेवलेली तुळई वजनाने वाकली की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. वरून खाली येताना दाब कमी होत होत शून्य होतो आणि मग ताण सुरू होतो. जिथे दोन्ही शून्य असतात त्या पातळीला उदासीन अक्ष म्हणतात. चौकोनी तुळईत तो बरोबर मध्यावर असतो. म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचे काम मुख्यतः वरच्या आणि खालच्या कडा करतात. मधले लाकूड जवळजवळ बसून असते. ज्वारीचे ताट आपण चिरून पाहतो तेव्हा हेच दिसते. कडक साल बाहेर, मऊ भेंड आत. बांबूने तर मधला भाग ठेवलेलाच नाही.

आता सुतारकाकांची तुळई घेऊ. समजा ती आठ इंच उंच आहे. तिच्या खालच्या बाजूला, मध्यावर, दोन इंच खोल खाच पाडली. उरलेली उंची सहा इंच. ताकद उंचीच्या वर्गाच्या पटीत, म्हणून ३६ भागिले ६४, म्हणजे सुमारे ५६ टक्के. जवळजवळ निम्मी ताकद गेली. शिवाय खाचेच्या कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तिथून लाकूड रेषेने चिरत जाते, त्यामुळे खरी अवस्था याहून वाईट.

खाचेऐवजी तेवढेच दोन इंचांचे भोक उंचीच्या मध्यावर पाडले तर? इथे दोन आणि आठ यांच्या गुणोत्तराचा घन घ्यावा लागतो: एकचतुर्थांशाचा घन, म्हणजे एक भागिले ६४. वाकण्याविरुद्धची ताकद केवळ दीड टक्क्याच्या आसपास घटते. नळ तोच आणि काढलेले लाकूडही सारखेच. पण एका जागी ४४ टक्क्यांचे नुकसान होते आणि दुसऱ्या जागी दीड टक्क्याचे. एक सावधगिरी मात्र हवी. तुळईच्या टोकांशी, म्हणजे खांबाजवळ, मधल्या तंतूंवर कर्तनाचा जोर सर्वांत जास्त असतो. म्हणून मोठे भोक अगदी टेकूजवळ पाडू नये.

खांबाला चावा

खांबाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो वाकत नाही, दाबला जातो. मग खाच आणि भोक यांत फरक का पडावा?

आमच्या सहा इंचांच्या खांबात दीड इंच खाच पडली. उरले साडेचार इंच. लाकूड पावभाग गेले म्हणून दाब एक-तृतीयांशाने वाढेल, असे वाटते. भोक मध्यावर असते तर तेवढाच वाढला असता. पण खाच एका बाजूला आहे. माळवदाचे वजन पूर्वीच्याच रेषेत, जुन्या मध्यातून खाली येते, तर उरलेल्या लाकडाचा मध्य मागे सरकलेला असतो. या दोहोंतील अंतर पाऊण इंच. हे अंतर उरलेल्या जाडीच्या बरोबर एक-षष्ठांश आहे. अशा वेळी मागच्या कडेवरचा दाब शून्य होतो आणि खाचेच्या कडेवर सरासरीच्या दुप्पट होतो. सरासरी आधीच १.३३ पट झालेली. दुप्पट केली की २.६७ पट. सुट्या खांबासाठी हा हिशेब आहे. शेजारच्या लाकडांचा आधार मिळाला तर आकडा काहीसा कमी होईल. तरी पावभाग चाव्याने कडेवरचा दाब अडीच पटीहून अधिक वाढतो, ही गोष्ट डोळे उघडणारी आहे.

अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांत वजन पेलणाऱ्या भिंतीतील उभ्या पट्टीला खाच पाडायची तर रुंदीच्या जास्तीत जास्त २५ टक्के, आणि भोक पाडायचे तर ४० टक्के अशी मर्यादा घालून दिलेली आहे. तुळईच्या बाबतीत खाच उंचीच्या एक-षष्ठांशापर्यंत आणि तीही मधल्या एक-तृतीयांश लांबीत मुळीच नाही. भोक मात्र एक-तृतीयांश उंचीपर्यंत, कडांपासून दूर. खाचेपेक्षा भोकाला दोन्हीकडे जास्त सवलत आहे.

राहिला तो ठोकलेला तुकडा. याचा प्रयोग फ्रान्समध्ये दुहामेल द्यु मोंसो या वनस्पतिशास्त्रज्ञाने केला. तो आरमाराच्या लाकडाचाही जाणकार होता. १७६७ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिले आहे की, लाकडी कांबींच्या वरच्या, म्हणजे दाबल्या जाणाऱ्या बाजूला करवतीने काप घेतले, त्यात कठीण लाकडाच्या पट्ट्या घट्ट बसवल्या आणि मग कांबी मोडून पाहिल्या. काप उंचीच्या तीन-चतुर्थांशापर्यंत खोल असतानाही ताकद कमी झाली नाही. कारण सोपे आहे. दाब पुढे पोचवायला तुकडा नुसता घट्ट टेकला तरी पुरते. ताण पोचवायला मात्र तो जोडलेला असावा लागतो. खांबाच्या खाचेत ठोकलेला तुकडा काम करतो आणि तुळईच्या खालच्या खाचेत ठोकलेला करत नाही, तो यामुळे. सुतारकाकांनी दुहामेलचे नाव ऐकले नव्हते. पण कोणत्या खाचेला तुकडा चालतो आणि कोणत्या जागी मुळात खाचच नको, हे त्यांना ठाऊक होते.

भिंत आडोशाला?

आता चौथे विधान. आमच्याकडच्या घराचे माप खणांत सांगतात: पाच खणांचे, सात खणांचे. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण. तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर किलचन आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर म्हणजे माळवद. भोवती दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड दगडामातीची भिंत. माळवदाचे वजन लाकडी सांगाड्यावर, हे सुतारकाकांचे म्हणणे अशा घरांत बरेचसे खरे असते. पण भिंतीला स्वतःचे वजन असते, आणि तेच फार मोठे असते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक झोपले होते. आमच्याकडे पाटोद्यात फडताळातली भांडी वाजली आणि आम्ही अंगणात आलो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मात्र गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे दगडामातीखाली गेली. नंतर झालेल्या पाहण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदली गेली. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी ती प्रत्यक्षात दोन पातळ भिंती असतात: आतला थर, बाहेरचा थर आणि मध्ये भरलेले दगडगोटे व माती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले तर हादऱ्याने थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि ढासळतात. काही घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला. घर खांबावर उभे होते हे त्यातून दिसले. पण माणसे भिंतीखाली सापडली.

अशा भिंतीत चर खणणे म्हणजे काय हे आता हिशेबाने पाहू. विटांच्या बांधकामासाठी भारतीय मानक १९०५ची १९८७ सालची आवृत्ती सांगते की, उभा चर भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून खोल नसावा आणि आडवा चर एक-षष्ठांशाहून. आडवा चर एक मीटरहून लांबही नसावा. उभ्याला सवलत का? उभा चर म्हणजे भिंतीतील एक अरुंद पट्टी. वरचे वजन तिच्या दोन्ही अंगांनी खाली उतरते. आडवा चर मात्र लांबवर सगळ्या वजनाची वाट अडवतो आणि खांबाच्या खाचेसारखाच वागतो. तोच हिशेब केला तर आडवा चर जाडीच्या एक-षष्ठांश असताना कडेवरचा दाब सुमारे १.९ पट होतो. पावभाग असताना २.६७ पट, आणि मागची कड दाबाविना राहते. एक-तृतीयांश असताना चौपट, आणि मागचा काही भाग उघडू पाहतो. विटा आणि दगड ताण सहन करत नाहीत, म्हणून पावभागाची ही सीमा महत्त्वाची आहे आणि एक-षष्ठांशाचा नियम तिच्या पुरेसा अलीकडे थांबतो.

पण हा नियम आमच्या भिंतीला लावता येत नाही. अडीच फुटांचा एक-षष्ठांश म्हणजे पाच इंच. तेवढा चर चालेल असे कोणी म्हणेल. पण अडीच फूट ही जाडी कागदावरची. वजन पेलणारा आतला थर जेमतेम आठ-दहा इंचांचा. त्यात पाच इंचांचा चर म्हणजे त्या थराची निम्मी जाडी गेली. वर पहारीच्या ठोक्यांनी मातीचे सांधे खिळखिळे होतात ते वेगळेच.

दुसरा शत्रू खुद्द पाणी. आमचा पुरलेला नळ सात-आठ वर्षांनी एका सांध्यावर गंजून झिरपू लागला. गिलाव्याआड ते कोणाला दिसले नाही. सुकलेली माती दगड धरून ठेवते, भिजलेली माती सोडून देते. पुढच्या पावसाळ्यात मोरीजवळच्या भिंतीला पोट सुटले. वडिलांनी टेकू दिले, तेवढा भाग हलक्या हाताने उतरवला आणि पुन्हा बांधला. भिंत रात्री कोसळली असती तर तिच्या पायथ्याशी आजीचे अंथरूण होते.

भोक वाईट नव्हे

याचा अर्थ भिंतीत भोक पाडणे म्हणजे नेहमीच तिला दुबळे करणे, असा नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या जुन्या घरांना बळकटी देण्याचा एक उपाय भोक पाडण्याचाच होता. भिंतीतले काही दगड ठरावीक अंतरांवर हाताने, न ठोकता, एकेक करून काढायचे. आरपार भोक झाले की त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरायचे. झाला आरपार दगड तयार. दोन थर एकमेकांना बांधले गेले. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकूड ठोकून सांगाडाही घट्ट करता येतो. काय काढले यापेक्षा कुठून काढले आणि त्या जागी काय ठेवले, याला महत्त्व आहे.

२०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतील घरोघरी नळ जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या जुन्या घरांत खण आणि माळवद अजून उभे आहेत तिथेही नळ पोचतो. अशा घरांसाठी वरील इतिहासातून चार गोष्टी हाती लागतात. नळ शक्यतो भिंतीच्या बाहेरून, पकडींवर, दिसता ठेवावा. लाकडातून जावेच लागले तर खाच नको, मध्यावरून गिरमिटाने पाडलेले भोक असावे. तुळईच्या खालच्या कडेला खणाच्या मध्यावर हात लावू नये. आणि दगडामातीच्या भिंतीत चर खणू नये. ती ओलांडायचीच तर सर्वांत जवळच्या वाटेने, सरळ आरपार, दगड हाताने काढून.

वर्गात हे करून पाहणे सोपे आहे. गादीच्या स्पंजची फूटभर लांब, दोन इंच जाड पट्टी घ्या. तिच्या बाजूवर दोन-दोन सेंटीमीटर अंतरावर उभ्या रेषा आणि मध्यावर एक आडवी रेषा काढा. पट्टी वाकवली की वर रेषा जवळ येतात, खाली लांब जातात आणि मधल्या रेषेवरचे अंतर तसेच राहते. उदासीन अक्ष मुलांना डोळ्यांनी दिसतो. मग थर्मोकोलच्या चार सारख्या, चार सेंटीमीटर उंच पट्ट्या घ्या. पहिली अखंड. दुसरीला खाली मध्यावर एक सेंटीमीटर खाच. तिसरीला उंचीच्या मध्यावर एक सेंटीमीटरचे भोक. चौथीला वरून एक सेंटीमीटर काप घेऊन त्यात पुठ्ठ्याचे तुकडे घट्ट बसवा. प्रत्येक पट्टी दोन विटांवर ठेवून मध्यावर डबा टांगा आणि त्यात वाळू ओतत जा. कोणती पट्टी आधी मोडेल, हे मोडण्याआधी मुलांकडून लिहून घ्यावे. दुसरी पट्टी हिशेबातल्या ५६ टक्क्यांहूनही आधी मोडली तर खाचेच्या कोपऱ्याकडे त्यांचे लक्ष वेधावे.

शेवटी मुलांना आपापल्या घरात नळाची वाट शोधायला सांगावी. रस्त्यापासून तोटीपर्यंत तो कशाकशातून जातो, कुठे दिसतो, कुठे दडतो, कुठे लाकडाला किंवा भिंतीला कापून जातो, याचा नकाशा काढावा. भिंतीवर कुठे ओल किंवा फुगवटा दिसतो तेही त्यात नोंदवावे, आणि तसे काही आढळले तर ते घरच्यांना त्याच दिवशी सांगावे.

आमच्या घरातला नळ आता अंगणाच्या बाजूने, भिंतीबाहेरून जातो. सुतारकाकांनी ठोकलेला तुकडा खांबात अजून आहे. त्याचा रंग खांबापेक्षा थोडा गडद आहे, पण सांध्यात नख शिरत नाही.